पुठ्ठ्यावरची रेघ

कारखान्यात तिला सगळे 'टिचकी' म्हणायचे. पॅटर्नच्या खोलीतून दिवसभर तिच्या माऊसचा टिकटिक आवाज यायचा, म्हणून. नाव ठेवणाऱ्यांना आपण फार विनोदी आहोत असं वाटायचं. तिला मात्र राग येत नसे, उलट मनातून आवडायचं. जिथे बायकांना मशीनच्या नंबरावरून हाक मारतात, तिथे आपल्या कामावरून नाव पडणं काही लहानसहान गोष्ट नाही. आता ते नाव कोणी घेत नाही. आता ती 'वाकड्या पँटवाली', आणि तेही पाठीमागे. हे कसं झालं ते सांगायचं तर सुरुवात तिच्या मामापासून करावी लागते, आणि मामाचा विषय निघाला की सांगणाऱ्याची जीभ तिखट होणारच.

मामा त्या कारखान्यात मास्तर. म्हणजे छडीवाला नव्हे, पुठ्ठेवाला. कपडा शिवण्याआधी त्याचा एकेक तुकडा पुठ्ठ्यावर आखून कापतात, तो पुठ्ठा कापडावर ठेवतात आणि त्याच्या कडेनं कापड कापतात. मग त्याच पुठ्ठ्यावरून लहान-मोठी मापं काढायची. इथेच भल्याभल्यांची दांडी उडते. मोठं माप म्हणजे चारही बाजूंनी फुगवलेलं लहान माप, असं अडाण्याला वाटतं. पण माणूस जाड झाला म्हणून उंच होत नाही. कंबर वाढते तितकी मांडी वाढत नाही, आणि गुडघा तर जवळजवळ होता तिथेच राहतो. कुठे किती वाढवायचं आणि कुठे हात आवरायचा हे ज्याला कळतं, तो मास्तर. मामाला ते कळायचं, यात वादच नाही. माणूस कसाही असो, त्याचा हात सोन्याचा होता.

तिचे वडील ती पाटी-पेन्सिलीच्या वयाची असतानाच गेले. आई तिला घेऊन भावाच्या घरी आली आणि मागच्या खोलीत राहिली ती राहिलीच. मामानं कधी उणं बोलून दाखवलं नाही. तो काही दाखवून करणारा माणूसच नव्हता. मुलीच्या हाती खेळायला त्यानं पुठ्ठ्याचे उरलेले तुकडे दिले, मग टेपचं एक टोक दिलं, मग कात्री. कारखान्यात तिला तोच घेऊन गेला. आधी शिवलेल्या कपड्यांचे धागे तोडायला, मग माल तपासायला, आणि शेवटी पॅटर्नच्या खोलीत स्वतःच्या शेजारी. तिला जे काही येत होतं ते त्यानंच शिकवलं होतं. पण शिकवलं ते हातचं राखून, हे तिला फार उशिरा कळलं.

वास्तविक कळायला हवं होतं. तो स्वतःच तर सांगायचा. जेवण झालं, मूड चांगला असला, की एक गोष्ट हमखास व्हायची. पूर्वी एका कापणाऱ्यानं त्याचे पुठ्ठे पळवून शेजारच्या कारखान्याला विकले होते. मामानं तोंडातून ब्र काढला नाही. पुढच्या वेळी कोटाच्या बाहीचा पुठ्ठा त्यानं मुद्दाम अंगठ्याभर आखूड कापून टेबलावर सोडला. तोही चोरीला गेला, आणि शेजारच्या कारखान्यात कोटाला बाह्याच बसेनात. "आठवडाभर बाही ओढत होते, बाही!" मामा मांडीवर थाप मारून सांगायचा. "तेव्हापासून माझ्या पुठ्ठ्यात एक गोष्ट खोटी असते. मला न विचारता जो कापेल, त्याचं त्यानं निस्तरावं." ती पोटभर हसायची. आई हसता हसता डोळे पुसायची. मामाच्या हुशारीचं त्या घरात केवढं कौतुक होतं.

मग कारखान्यात कॉम्प्युटर आला. तिनं वर्षभर आधीच त्याचा संध्याकाळचा क्लास केला होता. मामाला वाटलं होतं पोरगी टाइपिंग शिकते आहे. मालकांनी खोलीच्या एका कोपऱ्यात मोठा उतरता फळा बसवला. त्यावर पुठ्ठा चिकटवायचा, आणि त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर, वळणावळणावर हातातलं यंत्र टेकवून टिचकी मारायची, की तोच आकार पडद्यावर उमटतो. मग प्रत्येक कोपऱ्याला सांगायचं, मोठ्या मापात तू इतका बाहेर आणि इतका वर जा. सगळ्या कोपऱ्यांना सांगून झालं की एक बटण दाबायचं, आणि एका पँटीच्या पोटातून सगळी मापं एकदम बाहेर येतात, एकात एक बसलेल्या डब्यांसारखी. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. जे काम मामाला चार दिवस वाकून करावं लागायचं, ते तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं. आनंद लपवता येईना. तिनं मागे वळून मामाकडे बघितलं. तो हात पाठीमागे बांधून उभा होता.

"छान," तो म्हणाला, आणि चहा प्यायला निघून गेला.

काही दिवसांनी मालक आले. ते तोंडाचे गोड आणि पोटात तितकेसे गोड नसलेले गृहस्थ. कारखान्याची एक पँट तेव्हा फार चालत होती, मामाच्याच हातची. तिचा पाय साधा नव्हता. मांडीपासून पोटरीपर्यंत एक तिरका जोड खाली उतरायचा आणि पाय दोन वाकड्या तुकड्यांचा व्हायचा. तीच पँट गिऱ्हाइकाला पुन्हा हवी होती, पण या खेपेला आणखी मोठ्या मापांत. मालक दोघांसमोर तिला म्हणाले, "ही खेप तू कॉम्प्युटरवर काढून दाखव. नीट निघाली तर ही खोली तुझी. मास्तरांनाही आता आराम हवा, नाही का मास्तर?"

मास्तर म्हणाले, "हो तर."

त्या दिवशी घरी जाताना ती मामाला म्हणाली, "मामा, तुम्ही कुठे जायचं नाही हं. खोली माझी झाली तरी खुर्ची तुमचीच. मालकांना मी सांगेन." तिनं ते मनापासून म्हटलं होतं. मामा पुढे पुढे चालत राहिला. ज्या पोरीला धागे तोडायला आपण आणलं, ती आपल्याला खुर्ची देते आहे, हे त्याला किती खोल लागलं, ते तिला दिसलं नाही.

पँटीचे पुठ्ठे तिनं फळ्यावर लावले. ती काही मूर्ख नव्हती. जेवणानंतरची गोष्ट तिच्या पक्की लक्षात होती. म्हणून तिनं प्रत्येक कड मोजली. पुढचा तुकडा मागच्याला जुळतो का, तिरक्या जोडाच्या दोन्ही कडा सारख्या आहेत का, शिलाईसाठी सोडलेली माया सगळीकडे एकसारखी आहे का. सगळं तंतोतंत जुळत होतं. तरीही तिनं सरळ विचारलं.

"मामा, यात काही आहे का? खोटं?"

मामानं चष्मा काढून पुसला. "काय गं, घरच्या माणसाला कोणी फसवतं का? तुझ्यापासून काय लपवायचं मी?"

तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं माफी मागितली, आणि तो "वेडी आहेस" म्हणून हसलासुद्धा.

आता एक गोष्ट समजून घ्यायला हवी. प्रत्येक पुठ्ठ्यावर एक लांब रेघ आखलेली असते. कापडाचे उभे धागे जसे जातात तशी ती रेघ ठेवायची. रेघ कलली, तर मोजून काही कळत नाही. कडा जुळतात, शिलाई सरळ येते, इस्त्री झाली की कपडा अगदी राजबिंडा दिसतो. पण तो एकदा धुतला की उभे धागे आपल्या वळणावर जातात आणि सगळा कपडा पिळवटतो. साध्या पँटीत ही रेघ कुठे हवी ते कोणीही सांगेल, पायाच्या मधोमध. पण या पँटीचे दोन वाकडे तुकडे, त्यांचा मध्य कोण शोधणार? तिनं आखलेल्या रेघेच्या दोन टोकांवर दोन टिचक्या मारल्या. कॉम्प्युटरनं आज्ञाधारकपणे तुकडे त्या रेघेवर सरळ करून ठेवले. पुठ्ठ्याला टोच्यानं पाडलेली दोन भोकंही होती, पण पुठ्ठ्यांना भोकं असतातच. दोरीत ओवून खिळ्याला टांगायला नकोत का?

पडद्यावर एक बाहुली होती. तिनं बाहुलीला पँट घालून मालकांना गोल फिरवून दाखवली. मालक लहान मुलासारखे खूश झाले.

"एक नमुना शिवून धुऊन बघू," ती म्हणाली.

"कशाला? मागच्या वर्षी हीच पँट हजारोंनी गेली की. आणि बाहुलीला बसली, आता आणखी काय हवं? काय मास्तर?"

मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना ऐकू गेलं नसावं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कापायच्या लांब टेबलावर कापडाचे थरावर थर पडले. मामा तिथे आला. त्यानं सगळ्यात वरच्या थरावर हात ठेवला, कापडावरून तळवा फिरवला, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. कापणाऱ्यानं विचारलं, "मास्तर, चालवू का?" मामानं हात उचलला आणि पाणी प्यायला गेला. कटर घरघरत कापडात शिरला. ती शेजारीच उभी होती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ती फार सुखात होती.

शिलाई झाली, माल धुलाईला गेला. पहिला गठ्ठा परत आला तेव्हा इस्त्रीवाल्यानं एक पँट कमरेला धरून उचलली. बाजूची शिवण गुडघ्याखाली वळून नडगीवर आली होती, दोन्ही पायांत एकाच दिशेला. इस्त्रीवाला म्हणाला, "ही घालून माणूस बाजाराला निघाला तर फिरून घरीच येईल." सगळे खो खो हसले. तिनं दुसरी उचलली. तिसरी. मग हसणारेही एकेक करून गठ्ठ्यातल्या पँटी उचलून बघू लागले. लहान माप, मोठं माप, एकजात सगळ्या तशाच. कॉम्प्युटर चूकसुद्धा किती नेमानं करतो ते त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

मालक खाली आले. गोड तोंड कुठल्या कुठे गेलं होतं. "मास्तर, तुमच्या हातून इतक्या वर्षांत एक तरी पँट अशी निघाली का?"

"नाही," मामा म्हणाला.

एवढा एकच शब्द. तो खराही होता, म्हणून त्याला सहज बोलता आला. सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं. मालकांनी तिला त्याच दुपारी काढलं. फाटकाजवळ तिची पिशवी उघडून बघितली, जशी काढून टाकलेल्यांची बघतात. मामा तेव्हा आत होता. आठवडाभर कारखाना पुन्हा पुठ्ठ्यांवर चालला आणि मास्तरांना दिवसातून दहा हाका पडू लागल्या.

तिला सगळ्यात जास्त कशानं पोखरलं, तर ती स्वतःचाच गुन्हा शोधत राहिली. रेघेवर टिचकी मारताना आपला हात हलला असेल. पुठ्ठा चिकटवताना सरकला असेल. ती आईला सांगायची, "माझाच हात थरथरला असणार." इतर कारखान्यांत गेली, तर बातमी तिच्या आधी जाऊन पोचलेली. "तुम्हीच ना त्या?" असं विचारून लोक चहासुद्धा विचारत नसत. शेवटी तिनं एका गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या जागेत मशीन टाकलं आणि आखूड-लांब करण्याची कामं घेऊ लागली. त्या वाकड्या पँटी मालकांनी फुटपाथवर स्वस्तात विकल्या होत्या. त्या हळूहळू तिच्याकडे यायला लागल्या. "ताई, ही शिवण पुढे का येते हो? सरळ होईल का?" ती म्हणायची, "नाही होणार. कापतानाच गेलेली आहे." आणि दर वेळी मान खाली घालायची.

अशात एक दिवस जाड चष्म्याची एक मुलगी तिला शोधत आली. कारखान्यात तिच्या जागी लागलेली. स्वभावानं साधी होती, मुद्दाम आभार मानायला आली होती. "ताई, मोठ्या मापांची वाढ तुम्ही फार सुरेख बसवलीत. मी काही बदललं नाही. फक्त ती रेघ तेवढी फिरवली."

"कुठली रेघ?"

"उभ्या धाग्याची. मास्तरांनी मला पहिल्याच दिवशी दाखवलं ना. आखलेली रेघ धरायची नाही, टोच्याच्या वरच्या भोकापासून खालच्या भोकापर्यंत धरायची. तुम्हाला नव्हतं का सांगितलं?"

तिचा पाय मशीनच्या पायडलवर तसाच राहिला. "पाणी घेणार?" तिनं विचारलं. दुसरं काही सुचेना.

संध्याकाळी मामा घरी येऊन बूट काढत होता, तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "भोकं खरी होती," ती म्हणाली.

मामानं एक बूट काढला. दुसऱ्याची नाडी सुटेना, किंवा त्यानं सुटू दिली नाही. "मला वाटलं नमुना निघेल," तो शेवटी म्हणाला. "एक पँट बिघडेल. मालक मला हाक मारतील, मी येऊन नीट करीन. त्यांना कळेल की माझ्याशिवाय चालत नाही. एवढंच होतं माझ्या मनात. सगळी खेप कापतील हे मला काय माहीत?"

"आणि कापत होते तेव्हा? कापडावर हात ठेवून उभे होतात तुम्ही!"

"तेव्हा बोललो असतो तर मलाच काढलं असतं."

"म्हणून मला काढू दिलंत."

"तुझं वय आहे अजून," मामा म्हणाला. "तुला कुठेही मिळेल. मला या वयात कोण घेणार होतं?"

"त्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगितलंत! ती तुमची कोण?"

आई दारात येऊन उभी होती. ती भावाला काही म्हणाली नाही. लेकीला म्हणाली, "हळू बोल. याच घरात आपण वाढलो, विसरू नकोस." तिला आईचा जितका राग आला तितका मामाचाही आला नव्हता. त्या दिवसापासून तिनं मामाशी बोलणं टाकलं. एकाच घरात, एकाच नळाचं पाणी पिऊन.

मामाचंही काही भलं झालं नाही. जाड चष्म्याच्या मुलीनं एकेक पुठ्ठा फळ्यावर लावला, मामानं एकेक गुपित सांगितलं, आणि सांगण्यासारखं संपलं त्या आठवड्यात मालकांनी त्याला भिंतीवरचं एक घड्याळ देऊन घरी पाठवलं. यावर तिला आनंद व्हायला हवा होता. तिनं प्रयत्नही केला, पण झाला नाही.

मग एका छोट्या कारखान्याचा माणूस तिच्या जिन्याखाली आला. जुन्या धर्तीच्या, तिरक्या जोडाच्या पँटी पुन्हा चालायला लागल्या होत्या. त्याच्याकडे कॉम्प्युटर होता, पण पुठ्ठे नव्हते. "तुमच्या मामांचे जुने पुठ्ठे असतील तर घेऊन या. कॉम्प्युटरवर तुम्हीच बसा. मागचं मला ठाऊक आहे, पण एकदा संधी देतो. एकदाच हं." तिला पुन्हा टिचकी व्हायचं होतं. ते इतकं हवं होतं, की कितीतरी महिन्यांनी ती आपणहून मामाच्या खोलीत गेली.

मामा जणू वाटच बघत होता. त्यानं पलंगाखालून पुठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला, दोरीत ओवलेला, कडा मऊ झालेल्या. मालकांना नको होते म्हणून त्यानं घरी आणलेले. "घे," तो म्हणाला. "सगळे तुझेच. तुझ्यासाठीच ठेवले होते." आई मागून म्हणाली, "बघ, दादानं जपलेच की नाही तुझ्यासाठी?"

तिनं गठ्ठा सोडला. प्रत्येक पुठ्ठ्यावर एक रेघ होती, आणि प्रत्येक पुठ्ठ्याला दोन भोकं होती. एकातही भोकं रेघेवर नव्हती. कापणाऱ्याच्या त्या जुन्या चोरीच्या आधीच्या पुठ्ठ्यांत रेघ खरी होती आणि भोकं टांगण्यापुरती. नंतरच्यांत रेघ खोटी आणि भोकं खरी.

"मामा," ती म्हणाली, "यात आधीचे कुठले आणि नंतरचे कुठले?"

मामानं पहिला पुठ्ठा हातात घेतला. खिडकीशी नेला, उलटा केला, सुलटा केला, रेघेवरून बोट फिरवलं. दुसरा घेतला. मग पुन्हा पहिला. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले. आईनं दिवा लावला तरी तो खिडकीशीच उभा राहिला.

"आठवत नाही गं," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. लहानपणापासूनचं तोंड, त्यावरची रेघ न् रेघ तिला पाठ होती. तो खरंच विसरला होता, की अजूनही हातचं राखत होता, ते तिला त्यावरून सांगता येईना. एकेकाचा नमुना शिवून धुऊन बघता आला असता, पण रेघेखेरीज आणखी काय खोटं असेल ते कोण सांगणार? त्या छोट्या कारखान्याच्या माणसाला तिनं दुसऱ्या दिवशी पुठ्ठे नाहीत म्हणून कळवलं. मग पुठ्ठे दोरीत ओवून जिन्याखालच्या खिळ्याला टांगले, आणि मशीनवर पडलेल्या पँटीचे पाय आखूड करायला बसली.